टपाल आपल्या घरी हवं

"ताई, मेल जीमेलवर सरळ दिसतात की. मग हा थंडरबर्ड मध्ये कशाला?" आमच्या कार्यालयात नवं कुणी कामाला लागलं की हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्त आहे. या पिढीनं मेल पाहिला तो मोबाइलवर, नाहीतर ब्राउझरमध्ये. टपालासाठी संगणकावर वेगळा प्रोग्राम असतो, तो सर्व्हरवरची पत्रं उतरवून आपल्या डिस्कवर ठेवतो आणि नेट बंद असतानाही ती वाचता येतात, हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. मी दर वेळी उत्तर देते, पण कामाच्या गडबडीत ते अर्धंच राहतं. म्हणून इथं सविस्तर लिहिते आहे. हा प्रश्न एकट्या प्रकाशकांचा नाही. शाळा, वाचनालयं, पतसंस्था, वकील, डॉक्टर, घराघरांतली माणसं, सगळ्यांचा पत्रव्यवहार आता मेलमध्ये आहे आणि तो नक्की कुठं ठेवलेला आहे याचा विचार फार थोडे लोक करतात.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. मेल वेबवर वाचावा, फोनवर वाचावा, सोय पडेल तिथं वाचावा. पण आपल्या सगळ्या पत्रव्यवहाराची एक पूर्ण प्रत आपल्या ताब्यातल्या यंत्रावर असलीच पाहिजे, आणि ती ठेवायची तर थंडरबर्डसारखा जुन्या वळणाचा प्रोग्राम लागतो. दोन्हींतलं एकच ठेवा असं कुणी सांगितलं तर मी प्रोग्राम ठेवेन.

मी सांगलीत एक छोटी प्रकाशनसंस्था चालवते. वर्षाला मोजकी पुस्तकं आणि एक दिवाळी अंक. लेखक, अनुवादक, चित्रकार, मुद्रितशोधक, मुद्रक, सगळ्यांशी होणारं बोलणं मेलवर होतं. कथेचा शेवट बदलावा की नाही यावर झालेले वाद, मुखपृष्ठाचे नाकारलेले नमुने, मानधनाचे हिशेब, अनुवादाच्या परवानग्या, सगळं त्यातच. छापलेलं पुस्तक दुकानात मिळतं, वाचनालयात मिळतं. ते पुस्तक कसं झालं हे मात्र या टपालाखेरीज दुसरीकडं कुठंच लिहिलेलं नसतं.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमनं मुंबईसह मोजक्या महानगरांत सेवा सुरू केली तेव्हा. आमच्यापर्यंत पोचायला आणखी काही वर्षं गेली. तेव्हा नेट म्हणजे टेलिफोनची तार. फोन अडकून पडायचा आणि पल्समागं बिल वाढायचं. त्यामुळं जोडायचं, आलेली पत्रं उतरवायची, लिहून ठेवलेली पाठवायची आणि तोडायचं, अशी रीत होती. वाचणं, विचार करणं, उत्तर लिहिणं हे सगळं नंतर, निवांत. त्या वेळी दोन प्रोग्राम जास्त चालायचे, युडोरा आणि आउटलुक एक्सप्रेस. युडोरा १९८८ मध्ये स्टीव्ह डॉर्नर यांनी इलिनॉय विद्यापीठात लिहिला आणि त्याला युडोरा वेल्टी या अमेरिकी लेखिकेचं नाव दिलं. पोस्टात राहायला गेलेल्या एका बाईची तिची कथा त्यामागं होती. टपालाच्या प्रोग्रामला कथालेखिकेचं नाव, ही गोष्ट मला अजूनही आवडते.

वेबवरचा मेल आला तोही एका खऱ्या अडचणीतून. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ हे दोघे सहकारी. नोकरीच्या ठिकाणी कंपनीच्या फायरवॉलमुळं त्यांना आपलं खासगी टपाल पाहता येत नव्हतं. ब्राउझरमधूनच मेल उघडता आला तर कोणत्याही संगणकावरून तो वाचता येईल, हा विचार त्यातून आला. ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू झालं आणि पुढच्याच वर्षाअखेरीस मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं. ज्याच्या घरी संगणक नाही त्यालाही पत्ता मिळाला, ही फार मोठी गोष्ट होती. जतसारख्या गावातला आमचा एक कथाकार सायबर कॅफेत बसून मेल पाठवायचा. त्याला प्रोग्रामची महती सांगून काय उपयोग होता? मग १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं, एक जीबी जागा घेऊन. तेव्हा हॉटमेल दोन एमबी देत होतं आणि याहू चार. जागेसाठी पत्रं पुसत बसायची कटकट संपली. शोधलं की जुनं पत्र चटकन सापडू लागलं.

प्रोग्रामची बाजू घेताना त्याचे दोष झाकण्याचं कारण नाही. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस जगभर पसरला तो आउटलुकमधल्या पत्त्यांच्या यादीवरूनच. कचरा मेल गाळण्यात मोठ्या वेबसेवा पुढंच राहिल्या आहेत. आउटलुक एक्सप्रेसची एकेक फाइल दोन जीबीला पोचली की बिघडायची आणि आत काय होतं ते कळायचा मार्ग नसायचा. हे सगळं खरं आहे. सोयीच्या तराजूत वेबचं पारडं जड आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझा मुद्दा ताब्याचा आहे. वेबवरचं टपाल कुठल्या अटींवर आपल्यासाठी ठेवलं जातं ते एकदा बघा. जीमेलची मोफत जागा आज १५ जीबी आहे आणि ती टपालाची एकट्याची नाही. ड्राइव्हमधल्या फायली, गूगल फोटोंतले फोटो आणि अलीकडं अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, सगळं त्याच १५ जीबीत मोजलं जातं. नातवंडांचे व्हिडिओ आणि सकाळच्या शुभेच्छांची चित्रं साठत जातात आणि एके दिवशी टपाल यायचं थांबतं. सप्टेंबरात, दिवाळी अंकाची पानं लागत असताना, लेखकाला पाठवलेली मुद्रितं 'मेलबॉक्स भरला आहे' म्हणून परत येतात. मग मी फोन करते. पलीकडचे गृहस्थ म्हणतात, "अहो, मी तर तुमच्याच मेलची वाट बघतोय." घाईत जागा करायला म्हणून अशा वेळी माणसं काय पुसतात? सगळ्यांत जुनी पत्रं. जी परत कुठून मिळणार नाहीत, नेमकी तीच.

दुसरी अट वेळेची. दोन वर्षं खातं वापरलं नाही तर ते पुसून टाकण्याचं धोरण गूगलनं जाहीर केलं आणि डिसेंबर २०२३ पासून ते लागू झालं. कंपनीच्या बाजूनं ते समजण्यासारखं आहे. पडीक खाती चोरांना सापडतात. पण माणूस गेल्यावर दोन वर्षांत त्याचे कागद हाताळायचं बळ किती घरांत असतं?

कोकणातल्या आमच्या एका ज्येष्ठ लेखिकेचं उदाहरण सांगते. त्या कादंबरी लिहीत असताना मला लांबलचक मेल पाठवत. आज कुठलं पात्र अडून बसलं, आज कुठला प्रसंग फाडून टाकला, गावातल्या कोणत्या म्हातारीकडून कोणता शब्द मिळाला. त्या गेल्या. काही काळानं त्यांच्या मुलीला वाटलं की आईची पत्रं एकत्र करावीत. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. पासवर्ड बदलू म्हटलं तर ओटीपी आईच्या मोबाइल नंबरवर जाणार, आणि तो नंबर घरच्यांनी केव्हाच बंद केलेला. ओळखीच्यांना विचारून झालं, खटपटी करून झाल्या, खातं काही उघडलं नाही. शेवटी तिचा मला फोन आला. आमच्या थंडरबर्डमध्ये लेखिकेच्या नावाचा वेगळा फोल्डर होता, पहिल्या पत्रापासून शेवटच्यापर्यंत. मी तो पेन ड्राइव्हवर घालून दिला. दुसऱ्या कुणाला, मैत्रिणींना, वाचकांना त्यांनी जे लिहिलं असेल ते मात्र कायमचं गेलं. मी फक्त माझ्याकडं आलेलं देऊ शकले.

या प्रसंगानंतर मला कथाकार जी. ए. कुलकर्णींच्या पत्रांची वारंवार आठवण येते. जी.ए. १९८७ मध्ये गेले. त्यांची पत्रं नंतर खंडच्या खंड प्रसिद्ध झाली, सुनीताबाई देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रं 'प्रिय जी.ए.' या पुस्तकात आली. ही सगळी पुस्तकं होऊ शकली कारण ज्यांना पत्रं आली त्यांच्या घरात ती कागदावर होती. परवानगी मागायला, प्रती करायला, क्रम लावायला काहीतरी हातात होतं. आणखी मागं जा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांमधले कागद गोळा करत होते. पानिपतच्या मोहिमेसंबंधीच्या पत्रांचा त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' पुढं बावीस खंडांपर्यंत गेली. ते कागद कुणी जाणूनबुजून इतिहासासाठी जपले नव्हते. ते घरात होते, रुमालात बांधलेले, म्हणून टिकले. आपल्या काळातल्या लेखकांचा, चळवळींचा, संस्थांचा पत्रव्यवहार उद्या कुणाला शोधायचा असेल तर तो कुणाच्या वाड्यात सापडणार? कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या सर्व्हरवर कुणी राजवाडे जाऊन माळे धुंडाळू शकणार नाही.

मोठ्या कंपनीकडचं टपाल सुरक्षितच असतं असा एक भरवसा आपल्या मनात असतो. तो बराचसा योग्यही आहे. पण फेब्रुवारी २०११ च्या शेवटी जीमेलमध्ये बिघाड झाला आणि हजारो खात्यांतलं टपाल एकाएकी नाहीसं झालं. गूगलनं ते परत आणलं, पण कशावरून? वेगळ्या ठेवलेल्या चुंबकीय टेपवरून. म्हणजे एवढ्या मोठ्या मेलसेवेलाही, सर्व्हरांवर कितीतरी प्रती असताना, जोडणीबाहेरची एक प्रत लागली. त्यांना लागते तर आपल्याला का लागू नये?

आणि २०२५ च्या जुलैत नायरा एनर्जीचं जे झालं ते तर प्रत्येक संस्थाचालकानं वाचायला हवं. गुजरातेत वाडीनार इथं या कंपनीचा मोठा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. तिच्यात रशियन कंपनीची मोठी भागीदारी असल्यानं युरोपीय संघानं तिच्यावर निर्बंध घातले. भारतात, भारतीय कायद्यानं चालणारी कंपनी. पण काही दिवसांत मायक्रोसॉफ्टनं तिच्या सेवा थांबवल्या आणि कर्मचाऱ्यांना आपलंच टपाल उघडेना. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. मधल्या काळात मेलसाठी तिनं आपल्या मुंबईच्या रेडिफचा आधार घेतल्याच्या बातम्या होत्या. पुढं मायक्रोसॉफ्टनं सेवा पूर्ववत केली. संगणकावर प्रोग्राम आणि प्रत असती तरी नवं टपाल आलं नसतं, हे मी मान्य करते. पण कालपर्यंतचे करार, देणी-घेणी, वाटाघाटी समोर वाचता आल्या असत्या. एवढ्या मोठ्या कंपनीला कोर्टाची पायरी परवडते. सांगलीच्या प्रकाशकाला, शिराळ्याच्या पतसंस्थेला ती परवडणार आहे का?

आता प्रत आपल्याकडं ठेवायची म्हणजे कशी, तेही सांगायला हवं. कारण इथं एक गैरसमज हमखास होतो. टपाल उतरवून घ्यायच्या दोन पद्धती आहेत. पॉप ही जुनी. ती पत्र आपल्या डिस्कवर आणते, मग सर्व्हरवरचं ठेवायचं की काढायचं ते आपण ठरवायचं. आयमॅप ही दुसरी, आज सगळीकडं आपोआप जोडली जाणारी. ती दोन्हीकडं सारखंच चित्र ठेवते. फोनवर पत्र पुसलं तर संगणकावरूनही जातं आणि खातं रिकामं झालं तर प्रोग्रामही रिकामा होतो. म्हणून आयमॅपनं दिसणारं टपाल ही आपली प्रत नव्हे. थंडरबर्डमध्ये 'लोकल फोल्डर्स' असा वेगळा भाग असतो. त्यात पत्रं कॉपी केली की ती आपली झाली. आमच्याकडं प्रत्येक पुस्तकाचा त्यात एक फोल्डर आहे, आणि पुस्तक छापायला गेलं की त्याचं सगळं टपाल तिथं ठेवणं हा कामाचाच भाग आहे, जसं मुद्रितांचा शेवटचा संच फाइलला लावणं. हे फोल्डर ज्या स्वरूपात साठतात ते एमबॉक्स अगदी साधं आहे. एका फोल्डरची एक मजकुराची फाइल, नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. थंडरबर्ड उद्या बंद पडला तरी ती वाचणारं दुसरं काहीतरी असेल.

युनिकोड रुळायच्या आधीच्या काळातलं आमचं टपाल यामुळंच वाचलं आहे. तेव्हा प्रत्येक लेखकाचा फाँट वेगळा. ब्राउझरमध्ये उघडलं तर मराठीच्या जागी उलटसुलट रोमन अक्षरं दिसायची. मजकूर आणि सोबत पाठवलेला फाँट दोन्ही डिस्कवर असल्यानं आज ते टपाल रूपांतरित करून पुन्हा वाचता येतं. त्या काळातल्या कितीतरी मोफत मेलसेवा आता अस्तित्वातच नाहीत. तिथं राहिलेलं मराठी त्यांच्याबरोबर गेलं.

नावात 'प्रोग्राम' असलेलं सगळंच आपल्या संगणकावर टपाल ठेवतं असंही आता राहिलेलं नाही. विंडोजसोबत येणारं जुनं मेल अ‍ॅप २०२४ अखेर बंद झालं आणि त्याच्या जागी नवं आउटलुक आलं. दिसायला प्रोग्राम, आतून वेबच. दुसऱ्या कंपनीचं खातं त्यात जोडलं तर त्या खात्यातलं टपाल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जाऊन मग तुमच्यापर्यंत येतं. संमतीची सूचना येते, आपण पुढं दाबतो आणि तिसऱ्याच्या हातात किल्ली देतो. याला माझा स्पष्ट विरोध आहे. ज्याला प्रोग्राम हवा आहे त्याला प्रोग्राम मिळाला पाहिजे, त्याच्या नावाखाली आणखी एक वेबपान मिळता कामा नये. थंडरबर्ड मोझिलाच्या छत्राखाली लोकांच्या देणग्यांवर चालतो, वापरायला मोफत आहे. आम्ही दर वर्षी त्याला थोडी देणगी देतो आणि ती हिशेबात कार्यालयीन खर्च म्हणून लावतो.

घरातली प्रतही बुडू शकते, हे मला सांगलीत राहून कुणी शिकवायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. आमचं कार्यालय तळमजल्यावर. संगणक, कागद, पुस्तकांचे गठ्ठे, सगळं पाण्याखाली. थंडरबर्डच्या प्रोफाइल फोल्डरची प्रत असलेली डिस्क मिरजेला भाच्याकडं होती, तिथून सगळं टपाल नव्या संगणकावर जसंच्या तसं उभं राहिलं. आणि ते होईपर्यंत दिवाळी अंकाचं काम थांबलं नाही ते फोनवरच्या जीमेलमुळं, हेही तितकंच खरं. पाणी ओसरेपर्यंत लेखकांशी बोलणं त्यावरच चालू होतं. वेब टाकून द्या असं मी म्हणत नाही ते यासाठी. पण त्या पुरात जे कागद भिजले त्यांचं पुढं काय झालं ते मी पाहिलं आहे. सुकवताना पानं एकमेकांना चिकटली आणि अक्षरं पुसली गेली. टपालाची प्रत मात्र एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर, एका गावाहून दुसऱ्या गावी, न झिजता नेता येते. कागदाला न मिळालेली ही शक्ती हाताशी असताना ती वापरायचीच नाही?

संस्था असाल तर आणखी एक करा. पत्ता स्वतःच्या डोमेनवर घ्या. डोमेनचा खर्च फार नाही, वर्षाला हजार रुपयांच्या आसपास. मग सेवा देणारी कंपनी बदलली तरी पत्ता बदलत नाही आणि जुनं टपाल आपल्या डिस्कवर असतंच. घरातली माणसं एवढं करणार नाहीत, पण गूगलच्या खात्यात 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे ती तरी भरून ठेवा. खातं बराच काळ वापरलं गेलं नाही तर आतलं काय कुणाला मिळावं, हे तिथं आधीच सांगून ठेवता येतं. त्या लेखिकेच्या मुलीची जी फरफट झाली ती टळेल.

विंडोज टेनचं नियमित अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, आणि तेव्हापासून जुने संगणक भराभर बदलले जात आहेत, भंगारात जात आहेत, एक्सचेंजमध्ये दुकानदाराकडं जात आहेत. त्यांतल्या काहींमध्ये आउटलुक एक्सप्रेसच्या काळातलं टपाल अजून पडून असेल, मालकाच्याही लक्षात नसलेलं. डीबीएक्स किंवा पीएसटी अशा शेपटीच्या फायली दिसल्या तर त्या उचलून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. उघडायच्या कशा ते नंतर बघता येईल. वाचनालयांचे कार्यवाह, दिवाळी अंकांचे संपादक, नाट्यसंस्थांचे आणि शिक्षणसंस्थांचे चिटणीस, तुम्हाला विशेष विनंती आहे: आधी टपाल काढून घ्या, मग डिस्क पुसायला द्या. आणि घरातलं कुणी गेलं असेल तर त्यांचा संगणक आणि मोबाइल नंबर वर्षभर तरी बंद करू नका.